बंद पडलेल्या गाडीबद्दल एक दुरुस्ती

कोसमटोला, ता. मुलचेरा
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप मामाजींना मयुरीचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याचं दुखणं कमी असेल अशी आशा करते. (थंडीत ते वाढतं हे मला माहीत आहे, त्यामुळे ही आशा फारशी खरी नाही, पण दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही.) मामींची शुगर कशी आहे? आई विचारते आहे की मामी अजून गोळी घेऊन वर जिलेबी खातात का. हे लिहू नये असं माझं मत होतं, पण आई समोर तांदूळ पाखडत बसली आहे. लिहिलं का म्हणून ती विचारेल, तेव्हा मला हो म्हणता आलं पाहिजे. इथे सगळे ठीक आहेत. धान घरात आलं. बाबांचा खोकला गेला.

आधी एक दुरुस्ती. दिवाळीनंतरच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की खाणीच्या ट्रकांनी रस्ता फोडला म्हणून आमच्या गावची मुक्कामी एसटी बंद झाली, आणि रस्ता होईपर्यंत ती काही येत नाही. यातला पहिला भाग चुकीचा आहे, आणि दुसरा पहिल्यावर उभा असल्यामुळे तोही चुकीचा ठरतो. ट्रक फाट्यापलीकडच्या मोठ्या रस्त्यानं जातात, आमच्या रस्त्याला ते वळतसुद्धा नाहीत. आमचा रस्ता पावसानं आणि आमच्याच बैलगाड्यांनी फोडलेला आहे, आणि एसटी त्याच खड्ड्यांतून मी पहिलीत होते तेव्हापासून येत होती. ही माहिती मी लटारूभाऊंकडून घेतली होती (ते वनखात्यातून निवृत्त झालेले, गावात मोठे, त्यांची उलटतपासणी करणं बरं दिसलं नसतं). लटारूभाऊंनी ती पिकअपवाल्या प्रवीणकडून घेतली होती, आणि प्रवीणला मी नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मले काय मालूम, पेपरात आलं असन." पेपर आमच्या गावात त्या एसटीनंच येत होता. गाडी बंद झाल्याची बातमी त्यात आली असती तरी ती आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

चूक साधी असती तर मी एका ओळीत उरकली असती. पण तुम्ही माझ्या पत्रावर भरवसा ठेवून पुढचं सगळं केलंत. रस्ता होणार नाही, म्हणजे गाडी येणार नाही, म्हणजे माझी धाकटी बहीण दिव्यानी मुलचेऱ्याच्या कॉलेजला जाणार नाही, म्हणजे तिची बारावी राहिली, म्हणजे मुलगी घरी बसली, म्हणजे स्थळ. महिन्याच्या आत तुम्ही मूल गावातलं सिमेंटच्या दुकानाचं स्थळ पाठवलंत. इतक्या तातडीनं आमच्यासाठी कोणी काही करत नाही, आणि मी मनापासून आभारी आहे. तुमच्या गणितात कुठेही चूक नाही. पहिला आकडाच मी चुकीचा दिला. तुमचं पत्र मी बाबांना नेहमीसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं, अगदी "मयुरीचं आधी व्हायला हवं होतं, पण पाहायला आलेल्या माणसांनाच ती प्रश्न विचारते" इथपर्यंत सगळं. (आमच्या घरात वाचता येणारी पहिली मी आणि दुसरी दिव्यानी. स्वतःच्या लग्नाचं पत्र स्वतः वाचणं बरं नाही असं आईचं मत पडलं, म्हणून मला वाचावं लागलं.) ऐकून बाबा म्हणाले, "गाडी नाई तं कॉलेज नाई. मामानं बराबर लिवलं." तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. फेब्रुवारीत दिव्यानीची परीक्षा आहे, पुढे तिला नर्सिंगला जायचं आहे, आणि ते सगळं माझ्या एका चुकीच्या वाक्यामुळे थांबेल की काय असं मला वाटत राहतं. हे फोनवर सांगता आलं नसतं. आमच्याकडे टॉवर फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर मिळतो, आणि वर एक जण बोलत असला की खाली आठ जण आपली पाळी येईपर्यंत ऐकत असतात.

खरं कारण मला एसटीच्या आगारात कळलं. डिसेंबरच्या सुरुवातीला गावानं ठरवलं की आगाराच्या साहेबांना भेटावं. मी ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढते, बी.ए. झाले आहे (तेही याच गाडीनं), म्हणून बोलायला मी आणि वजन म्हणून लटारूभाऊ, अशी आमची निवड झाली. प्रवीणच्या पिकअपमध्ये मागे वीटभट्टीची माणसं होती, पुढे आम्ही. साहेब शांत होते. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले की तुमच्या गावातून गाडी रिकामी येते, म्हणून बंद केली. मला हे इतकं खोटं वाटलं की मी उभी राहिले. म्हटलं, सर, आमच्या गावातून गाडी रोज भरून निघत होती, मी स्वतः कितीदा पासवर उभ्यानं गेले आहे. साहेब म्हणाले, "भरून? कशानं भरून?" मी खाली बसले, कारण उत्तर द्यायला तोंड उघडता उघडताच ते मला कळलं. लटारूभाऊंना मात्र कळलं नव्हतं. ते ऐटीत म्हणाले, "कशानं म्हनजे? सामानानं जी! पाय ठेवाले जागा नसे."

"अना मानसं?" साहेबांनी विचारलं.

"मानसं कायले? सुकलू होता ना!"

सुकलूभाऊ म्हणजे आमच्या गाडीचे कंडक्टर. तुम्ही त्यांना पाहिलं आहे. तुम्ही आईच्या ऑपरेशनला आला होता तेव्हा तुमची विसरलेली छत्री त्यांनी चार गाड्या बदलून चंद्रपूरला पोहोचती केली होती. गाडी संध्याकाळी यायची, ते आणि ड्रायव्हर बुधूभाऊ समाजमंदिरात झोपायचे, जेवण रोज एका घरचं, पाळीपाळीनं, आणि सकाळी साडेसहाला गाडी निघायची. सुरुवातीला म्हणे ते कोणाची तरी औषधाची बाटली आणून देत. माझ्या आठवणीत तर सगळं गावच त्यांच्या हातात होतं. सकाळी गाडीजवळ माणसं जमायची ती बसायला नाही, सोपवायला. मिक्सरचं भांडं, तुटलेली चप्पल, नवी चप्पल घ्यायची असेल तर पायाच्या मापाची सुतळी (दोन्ही पायांच्या सुतळ्या वेगळ्या गाठी मारून), वसतिगृहात राहणाऱ्या आदेशचा डबा, नीलाबाईंची चारोळी आणि नीलाबाईंचा कोंबडा. कोंबडा खिडकीजवळ बसायचा. सुगंधाबाईंच्या चष्म्याचा नंबरसुद्धा सुकलूभाऊच काढून आले होते. बाई किती लांबून बैल ओळखतात आणि किती जवळ आल्यावर नवरा ओळखतात, एवढं त्यांनी दुकानदाराला सांगितलं, आणि चष्मा बरोबर बसला. लटारूभाऊंचा पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला बँकेतही तेच गेले होते. बँकेतले म्हणाले माणूस समोर पाहिजे, तर सुकलूभाऊ म्हणाले, "अजी जिता हाये तो! मी काल रात्री त्याच्याच घरी जेवलो, भाजीत मीठ जास्त होतं." (बँकेनं दाखला घेतला नाही. पण लटारूभाऊ बँकेवर रागावले, सुकलूभाऊंवर नाही. मिठावरून मात्र त्यांची बायको सुकलूभाऊंवर रागावली.) गावातली दोन लग्नं त्यांनी पाहून ठरवली. मुलाकडे जाऊन यायचे आणि सांगायचे, "पोरगा चांगला हाये, सुट्टे पैसे देते." दोन्ही संसार नीट चालले आहेत. मी हे तुमच्याशी तुलना म्हणून लिहीत नाही.

आता यातली अडचण अशी की हे इतकं सवयीचं झालं की स्वतः गाडीत बसणं वाईट दिसू लागलं. रिकाम्या हातांनी थांब्यावर कोणी उभा दिसला की माणसं विचारायची, "काऊन गा, सुकलूवर भरवसा नाई काय?" स्वतः सुकलूभाऊसुद्धा खट्टू व्हायचे. म्हणायचे, तुम्ही कायले हाल करून घेता, मले सांगून द्या. मग त्या माणसाला खरंच वाईट वाटायचं आणि तो पिशवी त्यांच्या हातात देऊन घरी परत यायचा. आजारपण, कोर्टाची तारीख आणि कॉलेजच्या मुली, एवढीच माणसं बसू शकायची, आणि त्यातली अर्धी पासवर. बाकी गाडी भरलेली, मशीनमधून तिकीट मात्र निघत नाही. आम्हाला वाटत होतं की आपल्या गावची गाडी जिल्ह्यात सगळ्यात जास्त चालते. साहेबांच्या दृष्टीनं ती जिल्ह्यात सगळ्यात रिकामी होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि हे मी त्या दिवशी आगारात चहा पिता पिता समजून घेतलं. लटारूभाऊंनी परतीच्या वाटेवर, फाट्यापाशी, समजून घेतलं. (सुकलूभाऊंची बदली आता दुसऱ्या मार्गावर झाली आहे. तिकडची गाडीही म्हणे फार भरून जाते. त्या गावाला कळवावं का, याचा मी विचार करते आहे.)

गाडी गेल्यावर काय झालं ते मागच्या पत्रात मी थोडक्यात लिहिलं होतं, आणि त्यात चूक नाही, पण कमी लिहिलं होतं. आमच्या गावाला बाहेर जाता येईनासं झालं हे खरं आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की गावाला बाहेर जाणं माहीतच नव्हतं. सुगंधाबाईंनी इतक्या वर्षांत मुलचेऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. आदेशचा डबा बंद झाला तेव्हा त्याला सुट्टीवर आणायला गेलेले त्याचे वडील वसतिगृहाऐवजी पंचायत समितीत जाऊन बसले आणि तिथल्या शिपायानं दिलेलं जेवण जेवून परत आले. मास्तर मोटरसायकलनं येतात, पण गाडीच्या हॉर्नशिवाय गावातली मुलं उठत नाहीत, तेव्हा शाळा मास्तर आल्यावर नव्हे, मुलं उठल्यावर भरते. हे सगळं हसण्यासारखं आहे. नीलाबाईंचं नाही. त्यांच्या बीपीच्या गोळ्या सुकलूभाऊ दवाखान्यातून आणायचे. गोळ्या संपल्या आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण ज्याला सांगायचं तो माणूस येत नव्हता. पाय सुजले, डोकं गरगरू लागलं, तेव्हा त्यांचा मुलगा अंकुश त्यांना सायकलवर मागे बसवून फाट्यापर्यंत घेऊन गेला. आता त्या बऱ्या आहेत. आणि कॉलेजच्या पाच मुलींपैकी चार घरी बसल्या. पाचवी दिव्यानी. ती काही दिवस अंकुशच्याच सायकलनं फाट्यापर्यंत जात होती, पुढे मिळेल त्या गाडीनं. मग बाबांनी ते थांबवलं. अंकुशबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही, मिळेल त्या गाडीबद्दल आहे, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

साहेब वाईट नाहीत. ते म्हणाले, एक आठवडा गाडी सोडून पाहतो, माणसं दाखवा. नाताळाच्या आठवड्यात गाडी आली. सुकलूभाऊंच्या जागी मंगलीबाई नावाच्या कंडक्टर होत्या, आलापल्लीकडच्या, आवाज खणखणीत. पहिल्या सकाळी सगळं गाव थांब्यावर आलं. आणि जे घेऊन यायची सवय होती तेच घेऊन आलं. मंगलीबाईंनी सांगितलं की सामान एकटं जात नाही, सोबत माणूस पाहिजे. सुगंधाबाई ब्लाउजची पिशवी सीटवर ठेवून म्हणाल्या, "तं हिचं तिकीट फाडा ना!"

"तिकीट मानसाचं असते, बाई."

"पूरं फाडा. आम्ही कुठी हाफ मांगून राह्यलो?"

"अहो पन बसन कोन?"

"हे बसली ना," म्हणून त्यांनी पिशवी जरा खिडकीकडे सरकवली. मंगलीबाईंनी पिशवी उतरवली, मागोमाग डबे, सुतळ्या आणि कोंबडा उतरवला, आणि गाडी एकट्या दिव्यानीला घेऊन गेली.

त्याच संध्याकाळी समाजमंदिरात लटारूभाऊंनी सभा घेतली आणि समजावून सांगितलं की साहेबाला माणूस पाहिजे, पिशवी नको. घरटी एक माणूस बसलाच पाहिजे, जो बसणार नाही त्याला गावाचा विचार नाही. दुसऱ्या दिवशी खरोखर घरटी एक माणूस बसला. उभ्यानंही बसला, म्हणजे उभा राहिला. मंगलीबाई खूश झाल्या, म्हणाल्या, "लगन हाये काय कोनाचं?" गाडी निघाली, फाट्यावर आली, आणि सगळं गाव उतरलं. कारण कोणालाच मुलचेऱ्यात काम नव्हतं. साहेबानं बसा म्हटलं होतं, ते बसले. मग सगळे जंगलाच्या रस्त्यानं चालत घरी आले, मध्ये मोहाखाली बसून तंबाखू खाल्ली, आणि कोणी तरी म्हणालं की गाडी बरी आहे, निदान चालणं होतं. मी सगळ्यात पुढे चालत होते आणि मला रडू येत होतं.

मग मी घरोघर जाऊन सांगितलं की मुलचेऱ्यापर्यंत जायचं, आणि काहीतरी काम काढून जायचं. या वेळी गावानं मनावर घेतलं. बुधवारी बाजार होता. आपापली चप्पल आपण घेऊन, आपापले ब्लाउज आपण घेऊन सगळे गेले. सुगंधाबाईंना मी त्यांचे ब्लाउज शिवणाऱ्या बंगाली टेलरदादांकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, मी कोसमटोल्याची. टेलरदादांनी त्यांच्याकडे पाहिलं, ओळख पटली नाही. मग बाईंनी पिशवीतलं ब्लाउज बाहेर काढलं आणि टेलरदादांचा चेहरा उजळला, हात पुढे करून म्हणाले, "अरे! आप हो!" आणि आतून त्यांच्या बायकोला बोलावलं. तिनं सुगंधाबाईंना खुर्ची दिली, चहा दिला, माप घेतलं, आणि इतकी वर्षं ब्लाउजचा उजवा खांदा वर चढायचा तो का चढायचा याचा शोध लागला. असंच सगळ्यांचं झालं. चप्पलवाल्याकडे, गिरणीवर, दवाखान्यात. ज्या माणसांच्या वस्तू ते ओळखत होते ती माणसं त्यांना पहिल्यांदा दिसत होती, आणि सोडायला तयार नव्हती. साडेचार वाजता परतीची गाडी लागली. मी बाजारभर धावले. लटारूभाऊ बँकेत स्वतःच्या पायांनी जाऊन हयातीचा दाखला देऊन आले होते आणि त्या आनंदात हॉटेलात भजी खात होते. मला म्हणाले, "थांबन ना गाडी, आपलीच हाये." गाडी थांबली नाही. तिला वेळ असते हे गावाला माहीत नव्हतं. सुकलूभाऊ सगळ्या पिशव्या मिळेपर्यंत निघत नसत. रात्री सगळं गाव प्रवीणच्या पिकअपमध्ये आलं, आणि प्रवीणनं दुसऱ्या दिवशी मला विचारलं की पुढचा बाजार कधी.

त्यानंतरचे दिवसही थोड्याफार फरकानं तसेच गेले. जायची गाडी भरून, यायची रिकामी. आठवड्याच्या शेवटी मी आणि लटारूभाऊ पुन्हा साहेबांसमोर बसलो. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "मॅडम, तुमचं गाव जाते, पन येत नाई. माझ्या हिशेबानं कोसमटोल्यात आता कोनीच नसाले पाह्यजे." लटारूभाऊ हसले. मला हसू आलं नाही. मी विचारलं, आता काय? साहेब काही बोलणार तेवढ्यात मंगलीबाई हजेरी द्यायला आत आल्या होत्या त्या मध्येच बोलल्या. त्या म्हणाल्या की एक पोरगी रोज जाते आणि रोज येते. पूर्ण आठवडा येताना गाडीत ती एकटीच होती, पुढच्या सीटवर बसून भौतिकशास्त्र पाठ करायची. मंगलीबाई तिचं पुस्तक हातात धरून प्रश्न विचारत आल्या होत्या, आणि (हे त्यांनी साहेबांना सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं) ओहमचा नियम आता त्यांनाही येतो. साहेब म्हणाले, "एका पोरीसाठी गाडी नाई चालत." मग म्हणाले, "पन एक येते-जाते तं बाकीच्या चार येऊ शकते." एकोणीस तारखेच्या सोमवारपासून पंधरा दिवस ते पुन्हा गाडी सोडणार आहेत. हे शेवटचं. जाणारा माणूस येताना दिसला पाहिजे.

गाव या वेळी तयार आहे. गाडीची वेळ समाजमंदिराच्या भिंतीवर चुन्यानं लिहिली आहे, मोठ्या अक्षरांत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती पाठ करून घेतली आहे. (म्हणजे मी घेतली.) लटारूभाऊ भजी गाडीत बसून खाणार आहेत. त्या चार मुलींच्या घरी मी जाऊन आले. दोघींच्या वडिलांनी हो म्हटलं, दोघींचे म्हणाले, तुमची दिव्यानी जाते का ते पाहू.

तेव्हा मामाजी, मागच्या पत्रातलं ते वाक्य कृपा करून खोडावं, आणि त्याच्या जागी असं वाचावं: गाडी रस्त्यामुळे बंद झाली नाही, आम्ही तिच्यात बसलो नाही म्हणून बंद झाली, आणि बसलो तर ती राहील. मामींना नमस्कार. गुडघ्याला मोहाचं तेल लावून पाहावं, आई देणार आहे, कोणी येणारं असलं की पाठवते.

तुमची
मयुरी

ता. क. स्थळ वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. मुलाचा फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला. दिव्यानीनंही पाहिला. ती म्हणाली की मागे सिमेंटची पोती फार नीट रचलेली आहेत. याहून जास्त ती काही बोलली नाही, आणि मी तिच्या वतीनं काही वाढवून लिहिणार नाही.

ता. क. २. पाहुण्यांनी पौष संपताच पाहायला येतो असं कळवलं आहे, आणि बाबांनी हो म्हटलं आहे. पौष रविवारी संपतो. म्हणजे ते सोमवारी येणार, एकोणीस तारखेलाच. बाबांना गाडीची तारीख माहीत आहे आणि पाहुण्यांची तारीख माहीत आहे, पण त्या दोन्ही एकच आहेत हे त्यांनी अजून जोडलेलं नाही, आणि मी अजून सांगितलेलं नाही. (खोटं बोलले नाही. त्यांनी विचारलं नाही.) त्या दिवशी दिव्यानी साडी नेसून घरात बसली तर गाडीत ती नसेल, ती नसेल तर त्या दोघी नसतील, आणि मग साहेबांना दाखवायला परतीच्या गाडीत कोण असेल ते मला माहीत नाही.

ता. क. ३. म्हणून विनंती अशी, आणि खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र आहे. बाबा फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही त्यांना एक पत्र लिहावं की पाहण्याचा कार्यक्रम परीक्षेनंतर ठेवू, आणि ती नर्सिंगला गेली तर कार्यक्रम त्याच्याही नंतर. ते पत्र मीच वाचून दाखवणार. मी मनाचं एक अक्षर घालणार नाही, तुम्ही न लिहिलेलं वाचणार नाही, आणि अडखळून काही सोडणारही नाही. तेव्हा कृपा करून थोडक्यात लिहू नका. बाबांना पटेल एवढं तुम्हीच लिहा. "मयुरीनं विनवणी केली म्हणून" असं लिहिलंत तर तेही मला वाचावं लागेल, त्यामुळे ते नसलेलं बरं.

ता. क. ४. पाहुणे कधीही आले तरी स्वतःच्या गाडीनं येऊ नयेत, मुलचेऱ्याहून संध्याकाळच्या एसटीनं यावं. पाच येणार असतील तर सात आणावेत. मुक्कामाची सोय होईल, जेवणाची पाळी लावून देते.

ता. क. ५. हे पत्र मास्तर उद्या मुलचेऱ्याच्या पोस्टात टाकणार आहेत. तुम्हाला वेळेवर मिळेल का आणि तुमचं उत्तर वेळेवर येईल का, हे मला सांगता येत नाही. उत्तर आलं नाही तर पाहुण्यांना कोणी दारात उभं राहून खोटं सांगू नये, म्हणून बाबांना मी रविवारी संध्याकाळी जेवणाआधी सगळं खरं सांगणार आहे, आणि ते काहीही म्हणाले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिव्यानीच्या शेजारच्या सीटवर बसून जाणार आहे आणि संध्याकाळी तिच्यासोबतच परत येणार आहे. सोमवार, १९ जानेवारी.